साप फक्त ताईलाच चावतो

आमच्या सरावलीच्या घरात खिडकीच्या कठड्यावर दर दोन दिवसांनी कंपन्यांची काळी धूळ साचते आणि कपाटावरच्या खेळांच्या डब्यात किस्से साचतात. धूळ निदान पुसता तरी येते!

मैत्रिणींना हे किस्से सांगितले की त्या पोट धरून हसतात. सांगताना मी चिडलेली असते, हे एकीच्याही लक्षात येत नाही. तेव्हा आधीच सांगते, मी चिडलेली आहे.

रविवारी जेवणं झाली की आमच्याकडे पट मांडला जातो. खेळाडू ठरलेले. माझी नऊ वर्षांची स्वरा, पाच वर्षांचा वेद, नवरा नितीन आणि मुरबे गावाहून सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आलेल्या सासूबाई. मी बहुतेक वेळा पंच. म्हणजे जिचं कोणीच ऐकत नाही ती!

*

सापशिडी चालू होती. वेदची सोंगटी अठ्ठ्याण्णववर आली. तिथे भला मोठा साप. मी म्हटलं, "चला वेदबाळ, खाली!"

सासूबाईंनी सोंगटी उचलली आणि शांतपणे नव्याण्णववर ठेवली. "साप झोपलेला हाय."

पुढच्याच दानाला स्वरा नेमकी अठ्ठ्याण्णववर. तिने आशेने आजीकडे पाहिलं.

"आता उठला!" सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "आई, हा साप फक्त पोरींनाच चावतो का हो?"

"अगो, तो लान हाय! कच्चा लिंबू हाय तो!"

आमच्या घरात हा शेवटचा निकाल असतो. कच्चा लिंबू म्हणजे खेळात आहे, पण बाद होणार नाही. गल्लीतल्या पकडापकडीत ठीक आहे हो. पण आमच्याकडे हा लिंबू दोन वर्षं झाली तरी पिकायचं नाव घेत नाही!

*

नितीन तारापूरच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टीला आहे. हा माणूस घरी बल्ब बदलायचा म्हटलं तरी आधी हेल्मेट शोधतो. एकदा वेद शिडीवर आला आणि साहेबांचा हात वर!

"थांबा! शिडी एकट्याने चढायची नाही. खाली कोणीतरी धरून उभं राहायला हवं."

झाला नियम. शिडी चढणाऱ्याच्या सर्वांत जवळ ज्याची सोंगटी असेल त्याने शिडी धरायची आणि आपलं एक दान सोडायचं. पण सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांची सोंगटीही उभी राहू शकत नाही. नितीन सुपरवायझर. मग उरलं कोण?

"ताई, धर!" वेद ओरडायचा. वेद चढायचा, स्वरा धरायची. रविवारमागून रविवार! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

हा नियम झाला त्याच दिवशी नितीन मुलांना कौतुकाने सांगत होता, "आमच्या प्लांटमध्ये कोणालाही काही चुकीचं दिसलं ना, की हात वर करायचा आणि ओरडायचं, 'काम बंद!' झाडूवाला ओरडला तरी मॅनेजरने जागच्या जागी थांबायचं. आधी थांबायचं, मग विचारायचं."

मी विचारलं, "हा नियम घरी लागू आहे का?"

"घरी कशाला?" नितीन म्हणाला.

*

आमच्या वरच्या मजल्यावर एक भाभी राहतात. नवरा-बायको दोघंही एमआयडीसीत कामाला. त्या आपल्या मुलीला घेऊन लुडो खेळायला आल्या. त्यांच्या मुलीने वेदची सोंगटी मारली. वेदने पटाला अशी लाथ घातली की अर्ध्या सोंगट्या फ्रिजखाली!

आता बापाने काय करावं? कान धरावा की नाही? नितीन ओरडला, "भूकंप! सगळे टेबलाखाली!"

इथे पालघरात अधूनमधून धक्के बसतातच, त्यामुळे भूकंपाचं काही सांगावं लागत नाही. नितीन सोडून आम्ही सगळे डोक्यावर हात धरून टेबलाखाली बसलो. मीसुद्धा! बाहेर येऊन पाहते तर सोंगट्या पुन्हा पटावर, आणि वेदची सोंगटी थेट घरात.

भाभींनी पट नीट पाहिला आणि म्हणाल्या, "भाईसाहब, भूकंप में सिर्फ़ इसी की गोटी घर पहुँची?"

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

*

एकदा मीच वेदशी लुडो खेळले. सरळ, नियमाने. आणि जिंकले! त्याने भोकाड पसरलं. सासूबाईंनी फोन उचलला आणि मुरब्याला लेकीला कळवलं.

तासाभरात नणंदेचा मला फोन. "वयनी, पोराला हरवलंस?"

संध्याकाळी पालघरहून चुलतसासूबाईंचा फोन. "अगो, पोराला रडवलंस कशाला?"

जेवायच्या वेळी मोठ्या जाऊबाईंचा फोन. "पोराला लय लागलंय का?"

*

हा पुढचा किस्सा मी मैत्रिणींना सांगत नाही.

पुन्हा सापशिडी. स्वराला जिंकायला तीन हवे होते. मी तिच्या बाजूलाच बसले होते. फासा पडला. तीनच! बाकी सगळे वेदकडे बघत होते. स्वराने बोटाने फासा हळूच उलटवला.

"चार पडले," ती म्हणाली आणि तिने सोंगटी जागची हलवली नाही. पुढच्या दानाला वेद जिंकला. टाळ्या!

मी तिला स्वयंपाकघरात नेलं. "का गं असं केलंस?"

"मी जिंकले की तो रडतो. मग आजी तुला बोलते. मग तू बाबाला बोलतेस." जरा थांबून म्हणाली, "हरलेलंच बरं पडतं, आई."

मला इतका राग आला की हाताशी असलेला कुकर मी ओट्यावर आपटला. नऊ वर्षांच्या माझ्या पोरीला आम्ही सगळ्यांनी मिळून हरायला शिकवलं होतं, आणि ती चांगली शिकलीही होती! त्या रात्री मी नितीनला स्पष्ट सांगितलं, ही पोर आणखी एकदा मुद्दाम हरली तर तो पट मी चुलीत घालेन. त्यावर तो म्हणाला, "अगं, गेम आहे!"

*

गेल्या पावसाळ्यात आम्ही मुरब्याला सासरच्या घरी गेलो. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यामुळे दीर घरीच. पडवीत पट मांडला. नणंद, जाऊबाई, फोनवाल्या सगळ्याजणी हजर! मी मुद्दाम स्वराच्या समोर बसले, फाशावर नजर ठेवून.

वेदची सोंगटी अठ्ठ्याण्णववर आली. साप. सासूबाईंचा हात नेहमीप्रमाणे पुढे झाला.

आणि स्वराने हात वर केला.

"काम बंद!"

काय आवाज होता! नितीन बशीत चहा ओतत होता. तो तसाच थांबला, कप तिरका. सवयच ती! दीर थांबले. सासूबाईंचा हात पटावर अधांतरी राहिला.

"आजी, साप जागा आहे," स्वरा म्हणाली. तिने वेदची सोंगटी धरली आणि सापाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत, प्रत्येक वळणावरून, सरकवत खाली आणली.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कोणाकडेच पाहिलं नाही. आता भोंगा वाजणार म्हणून सगळे वेदच्या तोंडाकडे बघू लागले.

वेद पटावर वाकला. सापाच्या तोंडावर बोट ठेवून त्याने ते शेपटीपर्यंत नेलं. मग वर पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले.

"ताई, म्हणजे मी आता कच्चा लिंबू नाय?"

"नाहीस," स्वरा म्हणाली. "दे फासा इकडे. पाळी माझी आहे."