मॅच होऊ द्या

गेल्या रविवारी नांदुऱ्यात आमची लीगची शेवटची साखळी मॅच होती. मी आमच्या क्लबच्या महिला संघाची मॅनेजर आहे. एरवी कॉलेजात मराठी शिकवते… बास्केटबॉल मला खेळता येत नाही.

या लीगमध्ये प्रत्येक क्लबाला पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ उतरवावे लागतात. दोघांचे गुण एकाच तक्त्यात धरतात. आधी मुलींची मॅच, मग ऊन उतरल्यावर पुरुषांची. त्या दिवशी आमच्या मुली हरल्या असत्या तर दोन्ही संघ बाहेर पडले असते.

मॅचच्या आधी सगळ्या मुलींचे फोन माझ्या पिशवीत येतात. तशी पद्धत आहे. वॉर्म-अप चालू होता आणि त्यातला एक फोन वाजायचा थांबेना… वैशालीचा. ती आमची कॅप्टन. जळगाव जामोदची. तिथल्या एका पतसंस्थेत नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी आमच्यासाठी खेळते.

फोनवर तिचा मोठा भाऊ होता. बाबा गेले, म्हणाला. सकाळी छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

"तिले आता सांगू नका ताई. मॅच होऊ द्या. मंग फक्त सिरियस हायेत म्हणा, अन् पाठवून द्या."

"नेणार कधी?"

"संध्याकायी. मामा लोक यायचे हायेत अजून."

मी कोचना सांगितलं. ते रिंगकडे बघत होते. घरचेच म्हणताहेत तर… एवढंच म्हणाले. आम्हाला ती मॅच हवी होती, आणि भावानं परवानगी दिली होती.

आमच्याकडे मरणाची बातमी अशीच देतात. आधी तब्येत बरी नाही, मग सिरियस, मग घराच्या वळणावर उभी माणसं दिसतात आणि ज्याचं त्याला कळतं. यात कुणाचा हेतू वाईट नसतो.

वैशाली खेळली. तिला अडवायला मलकापूरच्या टीमची रुपाली होती. या दोघी कितीतरी सीझन समोरासमोर आहेत. रेफ्रीची पाठ फिरली की ही कोपर मारते, ती जर्सी ओढते. पहिल्या हाफमध्ये वैशाली आपटली, तर रुपाली वरून म्हणते, "उठ बे, खाट आणू काय?"

"तुह्याच घरून आण," म्हणत वैशाली उठली. हसत होती.

हाफ-टाइमला मी सहज मलकापूरच्या बेंचकडे पाहिलं. सगळ्या मुली एका फोनवर वाकल्या होत्या. रुपालीनं तोंडावर हात ठेवला.

गावच्या कुठल्या तरी ग्रुपवर फोटो पडला असणार… कडेनं फुलांची चौकट, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. हल्ली माणसांच्या आधी फोटो पोचतो.

दुसऱ्या हाफमध्ये वैशालीला कुणी शिवेना. ती बॉल घेऊन आली की वाट मोकळी व्हायची. तिनं लागोपाठ बास्केट केले. कट्ट्यावरची आमची माणसं ओरडत होती.

मग ती पुन्हा आत घुसली आणि रुपाली सरळ बाजूला झाली. वैशालीनं शॉट घेतला नाही. बॉल छातीशी धरून रिंगखाली उभी राहिली. तिथं असं जास्त वेळ उभं राहता येत नाही. रेफ्रीनं शिट्टी मारली.

"आज काऊन सोडून राह्यली बे मले?" ती रुपालीला म्हणाली.



वैशालीनं बेंचकडे पाहिलं. कोच मान खाली घालून बसले होते. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खूण केली… खेळ.

ती परत रुपालीकडे वळली. "कोण गेलं?"

"तुहे बाबा," रुपाली म्हणाली. "सकायीच. जाय तू."

वैशालीनं बॉल खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला.

मलकापूरच्या कोचनी आपली गाडी आणि ड्रायव्हर दिला. मी तिच्याशेजारी बसले. जर्सीवर तिनं माझी ओढणी घेतली होती. तिच्या फोनवर भावाचे मिस्ड कॉल पडले होते. परत लावला तर उचलेना.

पूर्णेच्या पुलावर तिनं विचारलं, "पयला फोन कधी आलता ताई?"

मी सांगितलं, वॉर्म-अप चालू होता तेव्हा.

तिनं मान हलवली. 

तिच्या घरासमोर माणसं नव्हती. दोन बायका बादलीनं अंगण धूत होत्या. पाणी रस्त्यापर्यंत आलं होतं. मामा लवकर पोचले, मग ठेवायचं कशाला, असं ठरलं होतं. भाऊ हेच सांगायला फोन करत होता.

वैशाली तशीच स्मशानाकडे निघाली. एकीनं तिचा हात धरला. "देला अग्नी, बाई. आता काय पाहशीन?"

ती ओल्या पायरीवर बसली. आतून तिची आई बाहेर आली आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.

पहिल्या फोनलाच निघालो असतो तर तिला वडील दिसले असते.

मॅच आम्ही जिंकलो. नंतर पुरुषांनीही त्यांची जिंकली. क्लब सेमी फायनलला गेला म्हणून मला अजून मेसेज येताहेत… म्हणून हे लिहिलं. अभिनंदन करायचंच असेल तर मलकापूरच्या रुपालीचं करा. तिची टीम बाहेर गेली. त्या मैदानावर वैशालीला खरं सांगणारी ती एकटी होती. आणि तिनं सांगितलं तोवर उशीर झाला होता.