वीस मिनिटं पुढची गाडी

ब्रह्मदेवानं सृष्टी घडवताना आमच्या थोरल्या साडूंना मदतीला घेतलं असतं, तर ती आजही पूर्ण झाली नसती; पण जेवढी झाली असती तेवढी कधी बिघडली नसती, आणि बिघडलीच असती तर साडूंनी ती घरीच खोलून दुरुस्त केली असती. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान. माझ्याशी त्यांनी पहिलं वाक्य काढलं ते माझ्याच लग्नात. मांडवातले दिवे गेले होते, मी मुंडावळ्या बांधून पाटावर बसलो होतो, आणि अंधारातून हे आले नि म्हणाले, "पावणं, जरा ह्यो टॉर्च धरा." मी धरला. त्याला बावीस वर्षं झाली. मी अजून धरूनच आहे.

फुलेवाडीतल्या त्यांच्या घरात आजवर कुठल्याही कारागिरानं पाऊल टाकलेलं नाही. मिक्सर, पाण्याची मोटर, शिलाई मशीन, चष्म्याची काडी, सगळं साडू स्वतः खोलतात. "कंपनीत बी माणसंच असत्यात की," हे त्यांचं तत्त्वज्ञान. आक्कांची दाढ दुखायला लागली तेव्हाही ते चष्मा पुसत जवळ आले होते. आक्का वेळीच डॉक्टरांकडं पळाल्या. गाडीच्या बाबतीत तर विचारूच नका. गॅरेजला गाडी सोडणं म्हणजे माणूस कळंब्याच्या जेलात पाठवणं, असं ते मानतात. परत येतो, पण पहिल्यासारखा येत नाही.

नोकरी त्यांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर केली. उसाच्या गाड्या तोलून तोलून नजर अशी बसली, की निवृत्तीनंतरही समोर येईल ती वस्तू उचलून ते वजन जाहीर करतात. आमच्या मुलाच्या बारशाला त्यांनी त्याला दोन्ही हातांवर घेतलं, डोळे मिटले आणि भर बायकांत सांगितलं, "तीन किलो दोनशे. बारदान वजा करून." बारदान म्हणजे बाळाचं दुपटं. माझी आई पुढं महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. नंतर दवाखान्यात वजन केलं, तर तीन किलो दोनशेच भरलं. मग आणखी महिनाभर बोलली नाही.

पण या माणसाची खरी ओळख पटते ती रस्त्यात. कुणी राम राम घातला की साडू हातातलं काय असेल ते सोडून दोन्ही हात जोडतात. एका हातानं राम राम करणं म्हणजे माशी हाकलणं, असं त्यांचं मत. या मतापायी ते सायकलवरून दोनदा पडले आहेत. आमच्या वास्तुशांतीनंतर जेवणावळ होती. तांबड्या रश्श्याची बादली वाढायला घेऊन साडू ऐटीत निघाले, आणि तिसऱ्या ताटापाशी एका म्हाताऱ्यानं मान वर करून म्हटलं, राम राम. त्या दिवशी चाळीस माणसं पांढऱ्या रश्श्यावर जेवून गेली. साडू खिन्न झाले, पण पस्तावले नाहीत.

अशा माणसाला वेळेचं भान कुठून असणार? वाटेतला प्रत्येक राम राम आणि प्रत्येक बंद पडलेली मोटरसायकल त्यांची. याचा सगळ्यात जास्त ताप झाला तो आमच्या दोघांच्या सासऱ्यांना. मामा म्हणायचो आम्ही त्यांना. नेसरीच्या शाळेत उभा जन्म शिकवलेला माणूस. घंटा त्यांच्याकडं बघून व्हायची. आम्ही नेसरीला जायचो तेव्हा मामा हातात घड्याळ घेऊन उंबऱ्यावर उभे असत, आणि साडूंची गाडी अंगणात शिरली की ते घड्याळ पुढं करून दाखवत. साडूंनी ही गाडी नवी घेतली, पहिल्याच फेरीला तासभर उशिरा पोचले, तेव्हा मामा गाडीत येऊन बसले. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोकानं घड्याळाशेजारचं हरभऱ्याएवढं बटण दाबत गाडीचं घड्याळ वीस मिनिटं पुढं नेलं, आणि म्हणाले, "जावईबापू, हे घड्याळ आजपासून माझं. मला विचारल्याशिवाय याला हात लावायचा नाही."

साडूंनी लावला नाही. ते मनातल्या मनात वीस मिनिटं वजा करत आणि पूर्वीइतक्याच उशिरा पोचत, पण निघताना दर वेळी त्या आकड्यांकडं बघून हाक मारत, "चला, चला, मामा बोलतील." गेल्या वर्षी मामा गेले. घड्याळ वीस मिनिटं पुढंच राहिलं.

आणि नेमकं मामांच्या वर्षश्राद्धाच्या तोंडावर बॅटरीनं मान टाकली. किल्ली फिरवली की आतून म्हातारं माणूस खाकरल्यासारखा आवाज यायचा, बस्स. इंजिन उचलायला जीव नव्हता, घड्याळ मात्र मिणमिणत चालू होतं. साडू शाहूपुरीत जाऊन नवी बॅटरी घेऊन आले, रिक्षात मांडीवर ठेवून, बाळंतिणीला आणल्यासारखी. दुकानदार घरी माणूस पाठवतो म्हणत होता. साडूंनी त्याला फक्त नऊ किलो आठशे एवढंच ऐकवलं. पण तोच माणूस निघता निघता बोलून गेला होता, की काका, जुनी काढली की घड्याळ पुसलं जातंय, मागनं परत लावून घ्या, त्यात काय एवढं.

त्यात काय एवढं! दोन दिवस साडू जेवले नाहीत की नीट झोपले नाहीत. मला बोलावून त्यांनी बेत सांगितला, तेव्हा आवाज बारीक झाला होता. "पावणं, ते घड्याळ मिटता कामा न्हाय. परत लावायचं म्हटलं तर इचारायचं कुणाला?"

बेत मोठा नामी होता. जुनी बॅटरी काढून नवी बसवेपर्यंत गाडीच्या वायरींना दुसरीकडून वीज देत राहायची, म्हणजे घड्याळाला काही कळणारच नाही. त्यासाठी श्राद्धाच्या सकाळी, नेसरीला निघण्याआधी, त्यांनी माझ्या स्कूटरची बॅटरी काढून घेतली. कारखान्यातून आठवण म्हणून आणलेले वायरीचे चिमटे माळ्यावरून उतरवले. चिमट्यांच्या स्प्रिंगा केव्हाच मेल्या होत्या, म्हणून ते दोन्ही चिमटे साडू स्वतः दोन हातांनी दाबून धरणार होते. याचा अर्थ तुमच्या लक्षात आला का? पाना माझ्या हातात येणार होता! बावीस वर्षांनी माझी टॉर्चवरून बढती झाली होती. मी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून आलो होतो.

आक्कांनी नव्या बॅटरीला हळदकुंकू लावलं. मग ताट हातात तसंच ठेवून त्या फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना आपला नवरा ठाऊक होता. गल्लीतून जो येईल त्याला त्या ओठांवर बोट ठेवून दाखवत, आणि माणसं घरात कुणी आजारी असावं अशा चेहऱ्यानं चवड्यांवर पुढं सरकत. कधी नव्हे ती साडूंची गल्ली गप्प होती. मी दहा नंबरच्या पान्यानं पहिला नट सैल केला. दुसरा केला. जुनी बॅटरी उचलली. साडू चिमटे दाबून वाकलेले, कपाळावरून घामाचा थेंब नाकापर्यंत आलेला, आणि आत काचेमागं घड्याळ ठणठणीत चालू! मला ओरडावंसं वाटत होतं. मी नवी बॅटरी खोबणीत बसवली. आता फक्त दोन नट.

तेवढ्यात कोपऱ्यावरचे वस्ताद दुधाची किटली घेऊन आले. जन्मभर तालमीत घासून कान मिटलेले. त्यांना ऐकू कमी येतं, आणि आक्कांचं ओठांवरचं बोट त्यांना नमस्कारच वाटला. फाटकावरून त्यांनी तालमीतल्या आवाजात हाळी दिली, "राम राम, पावणं!"

साडूंचे दोन्ही हात वर गेले.

घड्याळ विझलं. वस्ताद खूश होऊन निघून गेले. साडू हात जोडलेल्या अवस्थेत तसेच उभे राहिले, आणि आक्कांनी ताट हळूच कट्ट्यावर ठेवलं. मी दोन्ही नट आवळले. साडू आत जाऊन बसले, किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, आणि इतक्या चांगल्या आवाजाचं कुणालाच काही वाटलं नाही. घड्याळ एक वाजला म्हणून उघडझाप करत होतं. साडू त्याच्याकडं बघत बसले. बटणाला हात लावेनात.

आक्का खिडकीशी आल्या. "माझा बाप होता तो," त्या म्हणाल्या. "मी सांगत्ये. लावा."

साडूंनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "पावणं, किती वाजलं?"

मी मनगट वर केलं. आठ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

"आठ पंचावन्न," मी म्हणालो.

आक्कांच्या हातात मोबाइल होता. त्यांनी त्यात एकदा पाहिलं आणि तो पिशवीत टाकला. साडूंनी पेनाच्या टोकानं बटण दाबत दाबत आकडे आठ पंचावन्नवर आणले, पेनाला टोपण घातलं, ते माझ्या खिशात परत ठेवलं आणि एकदम दचकून म्हणाले, "चला की! मामा बोलतील."

त्या दिवशी वाटेत ते कुठंही थांबले नाहीत. नेसरीत पोचलो तेव्हा सतरंज्यासुद्धा अंथरल्या नव्हत्या. भटजी यायचे होते, घरातली माणसं मागच्या दारी होती. साडूंनी गाडी अंगणात लावली, इंजिन बंद केलं, खाली उतरले. उंबऱ्याकडं तोंड करून त्यांनी किल्ली बॉनेटवर ठेवली, आणि दोन्ही हात जोडून राम राम केला.

उंबऱ्यावर कुणीच नव्हतं.