देवकीमावशीचा घसा

देवकीमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. मुरबाड तालुक्यात म्हसा गावाच्या पलीकडे तिचं गाव, आणि आसपासच्या पाच-सात गावांची ती धवलारीण. म्हणजे लग्नात हळदीचे विधी धवळे गाऊन पार पाडणारी बाई. भटजी दुसऱ्या दिवशी येतात, मंगलाष्टकं म्हणतात, जेवून जातात. पण खरं लग्न मावशीच लावते, असं आमच्याकडच्या बाया मानतात, आणि मीही मानते.

धवळ्याची रीत अशी की मावशीनं ओळ म्हणायची आणि मागे बसलेल्या बायांनी ती झेलायची, म्हणजे तीच ओळ परत म्हणायची. हळद लावायला घेतल्यापासून ती पुरी होईपर्यंत धवळा तुटू द्यायचा नाही. दोन तास तरी सहज जातात. तीस वर्षांत मावशीनं तो एकदाही तुटू दिला नव्हता. आणि छप्पन्नाव्या वर्षी तिला दर पाऊण तासाला लघवीला जावं लागायला लागलं.

नुसतं जावं लागणं असतं तर निभावलं असतं. पण कळ आली की आलीच. मोरीचं दार गाठेपर्यंत दम निघायचा नाही. दोनदा लुगडं ओलं झालं. तिनं हे कुणालाही सांगितलं नाही, धाऊकाकांनाही नाही, आणि ते तिचे नवरे! गावात तिनं पसरवलं की माझा घसा गेलाय, आणि लग्नाची बोलावणी परत पाठवायला सुरुवात केली.

घसा गेल्याचं ऐकून गावाला मायेचा पूर आला. कुणी आल्याचा काढा आणला, कुणी ज्येष्ठमध. ज्या घरात जाईल तिथं 'घे गो, घशाला बरा असतो' म्हणून गवती चहाचा पेला हातात. नको म्हणावं तर संशय यायचा. त्यामुळे ती पीत होती आणि पळत होती. हे मला कळलं तेव्हा मी आधी पोट धरून हसले आणि मग मला रडू आलं.

कळलं ते असं. मी कल्याणला राहते. मावशी माझ्याकडे यायला निघाली, ती तीन तास उशिरा पोहोचली. विचारलं तर म्हणे, एसटीतून मधेच रायत्याला उतरले होते. रायत्याला तिचं कुणीही नाही. मी चांगलीच तापले, तेव्हा तिनं पदर तोंडाला लावून सगळं सांगितलं. मला तिचा रागच आला. बाईला ताप आला तर चारचौघांत सांगते, गुडघा दुखला तर गावभर सांगते, आणि एवढीशी लघवीची पिशवी घाई करायला लागली की जन्माचं गुपित! हा राग अजून गेलेला नाही, आणि तो एकट्या मावशीवर नाही.

दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. जंतू नव्हते, साखर नव्हती. त्यांनी समजावलं की मूत्राशय भरायच्या आधीच आकसतंय, घाई करतंय. हे पुष्कळ बायकांना होतं. चहा कमी करा म्हणाल्या आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तोंड इतकं कोरडं पडलं की जीभ टाळ्याला चिकटायची. "आता गं बाय, घसा खराच गेला," मावशी म्हणाली, आणि गोळ्या बंद केल्या.

मी म्हटलं असतं, जाऊ दे, गाऊ नकोस. पण पूजाचं लग्न माघात ठरलं होतं. पूजा म्हणजे सावळीची मुलगी. सावळीनं मावशीला धवळे शिकवले होते, आणि दोन वर्षांपूर्वी मरताना हात धरून सांगितलं होतं, "माज्या पोरीला हलद तुज्या तोंडून लागू दे." मावशी हो म्हणाली होती. तो शब्द तिला रात्रंदिवस टोचत होता.

मग डॉक्टरीणबाईंनी नसेचा उपाय सुचवला. घोट्याच्या वर आतल्या बाजूनं केसासारखी बारीक सुई टोचायची आणि हलका करंट सोडायचा. पायातल्या त्या नसेचा आणि मूत्राशयाचा धागा पाठीच्या कण्यात एकच, म्हणून पायाला समजावलं की हळूहळू पिशवीला समजतं. दर आठवड्याला अर्धा तास, बारा आठवडे.

"दुखतंय पोटात आनि सुई पायात?" मावशीनं विचारलं.

"दुखतं कुठे तुमचं?" बाई हसल्या. "घाई होते. तिला शांत करायचंय. कळ अजिबात येणार नाही असं मी म्हणत नाही. पण आली तर पाच-दहा मिनिटं हातात मिळतील."

"पाच मिन्टांचं काय लोनचं घालू?" मावशी मला बाहेर येऊन म्हणाली.

तरी दिवाळीनंतर दर मंगळवारी ती आली. पहिल्या वेळी सुई टोचून बाईंनी बटण फिरवलं तेव्हा पायाचा अंगठा आपोआप वाकला आणि शेजारचं जोडवं हललं. मावशी दचकली. बाई म्हणाल्या, नस सापडली. तेव्हापासून अर्धा तास ती त्या जोडव्याकडे टक लावून बसायची आणि पुटपुटत धवळे घोळवायची. किती वेळा जाता ते लिहून आणा म्हटल्यावर तिनं चिंचोक्यांची पुरचुंडी आणली, एका दिवसाचे चिंचोके एका गाठीत. पहिल्या गाठीत सतरा होते. सहा आठवडे फरक नाही, आणि ती माझ्यावर उखडायची. आठव्या आठवड्यात तेरा निघाले, बाराव्यात नऊ. एसटीनं ती आता मधे न उतरता थेट कल्याणपर्यंत यायची.

माघ उजाडला. पूजाच्या हळदीला मी मावशीच्या शेजारीच बसले. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते. मागे बसलेल्या बायांत सगळ्यांत पुढे भागी होती. ओळ झेलण्यात पहिला आवाज गेली वीस वर्षं भागीचाच. सव्वा तास सुरळीत गेला. पूजाच्या गालाला हळद लागत होती.

"हळद आली गो दारी, तिला पाट कोन मांडी," मावशीनं ओळ टाकली आणि माझा हात घट्ट धरला. मी समजले.

बाया ओळ झेलत होत्या. पूर्वी ती इथंच संपली असती. उठून पळाली असती किंवा बसल्या जागी मेली असती. आज तिच्या हातात पाच मिनिटं होती. तिनं ती पळण्यात घालवली नाहीत. मागे वळली आणि भागीच्या कानात म्हणाली, "मला जायाला लागंल गो."

भागीनं मानही हलवली नाही. "जा. आमी वळ सोडत नाय."

मावशी भर मांडवातून उठून घरामागे गेली. भागीनं तीच ओळ पुन्हा उचलली. परत. आणि परत. हळद आली दारी, पाट कोण मांडी; पाट काही मांडून होईना. नवऱ्याकडची एक म्हातारी म्हणाली, "तुमच्याकडं लयच येळ लागतो पाट मांडाया," तशी भागीनं आवाज आणखी चढवला. पाय धुऊन मावशी आली, बसली आणि पुढची ओळ घेतली. धवळा तुटला नव्हता. शेवटच्या ओळीला तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आणि पूजाच्याही.

जेवणं झाल्यावर भागी पान लावत तिच्याजवळ टेकली.

"दोन वर्सं घसा घसा करतेस. मी मागंच बसते तुज्या. लुगडं दिसत नाय काय मला?"

मावशी म्हणाली, "मंग बोलली का नाय?"

"काय बोलू?" भागीनं पान तोंडात टाकलं नाही, हातातच धरून ठेवलं. "माजाबी घसा तोच हाय."

आता मावशीला महिन्यातून एकदा सुई घ्यावी लागते. परवाच्या मंगळवारी स्टँडवर तिला आणायला गेले, तर एसटीतून दोघी उतरल्या. भागीच्या हातात चिंचोक्यांची पुरचुंडी होती.