एकट्याने जायचं नाही

आगरच्या किनाऱ्यावर माझी चहाची टपरी आहे. विमान कंपनीने युनियनमधल्या बाकीच्यांसोबत बिनपगारी घरी बसवलेला एक पायलट तिथे रोज सकाळी यायचा. मसोलीत बहिणीकडे राहायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बसण्याआधी तो रुमालाने सगळा बाक पुसून काढायचा, दुसऱ्या गिऱ्हाइकांची जागासुद्धा.

एकदा त्याला कंपनीचा फोन आला. "आम्हा सगळ्यांना बोलवा, मग मी येतो," एवढंच बोलून त्याने तो ठेवला. तिकडे पायलट कमी पडत होते. युनियन सोडली तर त्याला लगेच घेणार होते, असं त्यानेच सांगितलं.

मी म्हटलं, "साहेब, आलेलं काम कशाला घालवलंत?"

"एकट्याने जायचं नाही, असं ठरलंय आमचं, ताई."

पुढच्या आठवड्यात एके दिवशी आला तो चेहरा पाडूनच. बाकीचे एकेक करून कामावर गेले होते. त्याला कोणी कळवलंही नव्हतं.

"राग नाही आला?"

"घरं त्यांनाही आहेत. पण एकाने तरी सांगायचं होतं."

चहा तसाच ठेवून तो वाळूत जाऊन बसला. भरतीचं पाणी त्याच्या पायांपर्यंत आलं. मी ओरडले, "साहेब, पाणी आलं!"

त्याने ऐकल्यासारखी मान हलवली आणि तिथेच बसून राहिला.