खिडकीची खोली

पाहुणे यायचे ते फोनवरचा फोटो पाहून, आणि त्या फोटोत घर जवळपास नसायचंच. असायची एक भिंतभर रुंद खिडकी, आणि तिच्यात मावेल तेवढा डोंगर. गाडीतून उतरले की सगळे आधी तिच्याकडे धावायचे. पाणी मागायचं नंतर सुचायचं.

ती खिडकी मावशीच्या नवऱ्याने काढलेली. मावशी हे नाव पाहुण्यांनीच दिलं होतं, ते चिकटलं. नवरा गवंडी. लोकांच्या भिंती उभ्या करण्यात त्याचा जन्म गेला. स्वतःचं घर बांधायला घेतलं तेव्हा नवी नवरी सहज बोलून गेली, की अंथरुणातून डोंगर दिसला तर काय मजा येईल. झालं! गड्याने त्या बाजूची भिंत बांधलीच नाही म्हणा ना. शेजारी म्हणाले, वेड लागलंय याला, थंडीने मराल. थंडी वाजलीही. दोन-दोन पांघरुणं घेऊन दोघं कुडकुडायची आणि हा म्हणायचा, "डोंगर पाहिजे होता ना? मग त्याचा वारापण घे."

मग एकदा वाट चुकलेली कॉलेजची पोरं आली, त्या खोलीत झोपली, आणि गावभर सांगत सुटली. पुढच्या वर्षी आणखी आले. पाठीवर बोजे, गळ्यात दुर्बिणी, पायात चिखलाचे बूट. माणसं वाईट नव्हती. झाडांवर, पाखरांवर जीव टाकणारी, कागदाचा कपटासुद्धा खिशात ठेवणारी. मुलगा मोठा झाला तसा त्याने सगळा कारभार फोनवर घेतला. आधी पुढची खोली दिली, मग मधली, आणि शेवटी खिडकीची. सीझन आला की घरची माणसं मागे सरपणाच्या खोलीत झोपायला जायची. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशी म्हण आहे. इथे पाहुण्यांनी काही पसरलं नाही. घरच्यांनीच आपले हातपाय आखडून घेतले. पुढे पुढे सीझन संपला तरी कुणी बाहेर येईना. सवय हो, दुसरं काय.

गवंड्याच्या छातीत सिमेंट आणि धूळ साचली होती. डॉक्टरांनी फोटो काढला, मुलाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, घरी न्या. घरी म्हणजे सरपणाच्या खोलीत. तिला खिडकी नव्हती. गवंड्याने ती लाकडं ठेवायला बांधली होती, माणसं नव्हे.

एक दिवस संध्याकाळी त्याचा खोकला थांबेना. एका पाहुण्याने कान टवकारले. "हा कसला आवाज?" मुलगा गडबडला. घरात आजारी माणूस आहे म्हटलं तर पाहुणे फोनवर तारे कमी देतात, ही त्याला धास्ती. "असेल एखादं जनावर," तो म्हणाला. पाहुणा असा खूश झाला की बॅटरी घेऊन झाडीत शोधायला निघाला! मावशीने आत जाऊन सांगितलं तेव्हा गवंडी हसला आणि हसता हसता आणखी खोकला. मावशीही हसली. मग लाकडांच्या ढिगाकडे तोंड करून तिने डोळे पुसले.

त्याच आठवड्यात त्याने मागितलं. जन्मात बायकोकडे काही मागितलं नव्हतं त्याने.

"मला एकदा खिडकीत झोपव गं. एक दिवस पुरे."

मावशीने मुलाला गाठलं. मुलगा काही दगड नव्हता. त्याने फोनवर तारखा चाळल्या. "उद्या खिडकीतले नवरा-बायको सकाळी जातायत, आई. पुढचे संध्याकाळी येणार. मधला अख्खा दिवस बाबांचा."

सकाळी सुनेने सासऱ्याची दाढी केली, मावशीने त्याला धुतलेला सदरा घातला. मुलगा गॅसचा सिलिंडर आणायला गेला होता. तो आला की उचलून न्यायचं ठरलं. गवंडी उशाला टेकून, लग्नाला निघाल्यासारखा तयार बसला होता.

मावशी नाश्त्याच्या बश्या उचलायला गेली. चष्मेवाली पाहुणी खिडकीतच उभी होती.

"मावशी, पाय निघत नाही हो इथून. रात्री खाली दुसरीकडे थांबू, पण दिवसभर राहिलो या खोलीत तर चालेल का? तुमची काही अडचण?"

अडचण! मावशीच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण इतकी वर्षं ज्या तोंडातून पाहुण्याला कधी 'नाही' गेलं नव्हतं, त्या तोंडाने आपलं नेहमीचं काम केलं.

"अडचण कसली, ताई? राहा की. तुमचंच घर आहे."

भीड ही भिकेची बहीण, उगाच नाही म्हणत.

आत जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं. वाटलं, चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बरं. माझं बुकिंग पुढच्या सीझनला टाक." आणि हात वर करून सदऱ्याचं वरचं बटण काढायला लागला. बोटांना ते जमेना. तिने काढून दिलं.

मुलगा आला, ऐकलं, कपाळावर हात मारून घेतला. "आता उठा कसं म्हणणार त्यांना?" सून म्हणाली, "मी सांगते जाऊन." मावशीने तिला अडवलं. "शब्द दिलाय मी."

दुपारचा चहा मावशीने खिडकीपाशी नेऊन दिला. ती दोघं कुठल्याशा पाखराची नक्कल करून एकमेकांना हसवत होती. रिकामा ट्रे घेऊन ती मागे आली तर गवंडी गेला होता.

मावशीने पदर तोंडात कोंबला. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये, एवढंच तिला त्या घडीला सुचलं. पण सून तरुण होती, तिने हंबरडा फोडला.

चष्मेवाली धावत मागे आली आणि दारातच थबकली. लाकडांचे ढीग, मधे खाट, नुकतीच दाढी केलेला म्हातारा. सून रडत रडत सगळं बोलून गेली. आज त्यांना तिथे न्यायचं होतं, म्हणून सदरा घातला होता, सगळं.

"अहो मावशी," ती बाई म्हणाली. "एका शब्दाने सांगायचंत हो. आम्ही लगेच उठलो असतो. आमचं काय, आम्ही बाहेर गवतावर बसलो असतो."

खरंच उठली असती. दोघांनी सामान भरून खोली मोकळी केली, त्याला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. चादरसुद्धा नीट घडी घालून ठेवली. मग ती बाई मावशीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

"बाबांना आता तिकडे नेऊ या," मुलगा म्हणाला.

"कशाला?" मावशी म्हणाली. "आता काय दाखवणार आहेस त्यांना?"

ती त्या बाईची पाठ थोपटत राहिली, आणि थोपटता थोपटता तिला तिचा राग आला. इतक्या वर्षांत पाहुण्याचा आलेला पहिला राग. ही बाई कजाग असती, हिने नाक मुरडलं असतं, आम्ही उठणार नाही म्हणाली असती, तर मावशीला उरलेला जन्म तिला शिव्या देत काढता आला असता.