जेवणाचं बटण

माणसाचं आणि कॉम्प्युटरचं एकमेकांशी जमावं कसं, हे शोधणं माझं काम. अमरावतीच्या कॉलेजात मी त्यावरच संशोधन करते. लकव्यानं वाचा गेलेल्यांसाठी टॅबलेटवर चित्रांची बटणं केली होती. बोट ठेवलं की आवाज येई: "मले पानी पायजे", "मले जेवाले पायजे", "लय दुखून राह्यलं". आवाज माझाच. पुस्तकी मराठी परकी वाटते म्हणून हट्टानं वऱ्हाडीत रेकॉर्ड केलं. फार शहाणी समजत होते स्वतःला!

मग अकोल्यात आईलाच लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजत मात्र सगळं होतं. दिवसभर तोंड चालणारी बाई ती. मी टॅबलेट घेऊन धावले. मला तिच्याकडून एक शब्द हवा होता, कुठलाही.

तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. तहान लागली तरी बटणाला हात लावेना. वहिनी तिच्या सुकलेल्या ओठांवरून ओळखायची. "असी कसी वं आई तू? दाब ना!" मी चिडायची. ती भिंतीकडे तोंड करायची.

एका शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून भर दुपारी पोचले. कूलर घरघरत होता. मी चप्पल काढत होते तेवढ्यात आईनं डाव्या हातानं टॅबलेट ओढला आणि बटण दाबलं. "मले जेवाले पायजे." मला रडूच फुटलं. वहिनी म्हणाली, "ताई, आत्ताच तं जेवल्या त्या." मी कुठली ऐकते! खिचडी मागवली. आईनं तोंड घट्ट मिटलं. चमचा मागे घेतला की पुन्हा तेच बटण, पुन्हा तेच, माझ्यावर डोळे रोखून. शेवटी मी वैतागले. "काहून छळून राह्यली वं!" म्हणत टॅबलेट काढून घेतला. तिचे डोळे भरून आले.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूरला पोटात कावळे ओरडायला लागले, आणि तेव्हा कुठे उमगलं. जन्मात कधी आई "मले भूक लागली" म्हणाली नव्हती. आमच्याकडच्या बाया म्हणतच नाहीत. दारात पाऊल पडलं की आधी विचारतात, "जेवली का वं बाई?" समोरचा बसला की मग स्वतः दोन घास घेतात. माझ्या त्या टॅबलेटवर सगळं नुसतं "मले, मले". दुसऱ्याला विचारायची सोयच नव्हती.

त्याच आठवड्यात नवं बटण केलं. शनिवार उजाडायच्या आत तिला दुसरा झटका आला, आणि ती गेली. टॅबलेट पिशवीतून काढलाच नाही.

आता ते बटण घराघरांतल्या म्हाताऱ्या दाबतात. लोक माझं कौतुक करतात, आणि आग लागो त्या कौतुकाला, असं वाटतं. कधी कामावरून घरी आले की मीच ते दाबते. माझाच आवाज विचारतो, "जेवली का वं बाई?"

नाई वं आई. त्या दिवशी सकाळपासून काहीच खाल्लं नोतं.