सपाट गच्चीचा उतार

नातीने रंगीत पेन्सिलीला टोक काढलं आणि त्या वासाने मला थेट कलकत्त्यातल्या खिदिरपूरच्या आमच्या ऑफिसात, नकाशांच्या टेबलापाशी नेऊन बसवलं. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. पावसाचं किती पाणी नदीत येईल, या हिशेबासाठी खोऱ्यातल्या जमिनीचा उतार मला पाच रंगांत दाखवायचा होता. जन्मात टेकडी न पाहिलेली मी कलकत्त्याची पोर, पण तोरा केवढा! दर दहा टक्के उताराला एक रंग ठरवून मोकळी झाले. जवळजवळ सगळी जमीन पहिल्याच दहात बसली: सगळा नकाशा पिवळा, कोपऱ्यात चार लाल ठिपके. "पोरी, हे खोरं की खिचुडी?" आमचे वयस्कर बंगाली साहेब म्हणाले. "आठ दिवसांत नीट कर, नाहीतर काम दुसऱ्याला देतो." रविवारी रडक्या तोंडाने गच्ची धूत होते. गच्ची दिसायला सपाट, तरी ओतलेलं पाणी बरोबर मोरीकडे धावलं. तशीच बादली टाकून खाली पळाले! दहाच्या आतल्या उताराचेच चार भाग पाडले, वरचा सगळा एका रंगात कोंबला, आणि नकाशात ओढेनाले उमटले. साहेबांनी एका ओढ्यावरून बोट फिरवलं, मग पेन माझ्या हातात दिलं, "खाली तुझं नाव घाल." नात म्हणते, "आजी, आता हे कॉम्प्युटर करतो." करू दे की बापड्याला, त्याने कुठे कधी गच्ची धुतलीय?